महबूबचा उजवा गाल

सोलापुरात पाठवणीला सॅक्सोफोन कुणी वाजवावा, असं जुन्या माणसांना विचारलं तर ती महबूब नदाफचं नाव घेतात. मी त्याच्या शेजारी उभा राहून क्लॅरोनेट वाजवतो. माझं नाव ईश्वरप्पा. आम्ही दोघं एकाच बँडात म्हातारे झालो, म्हणून त्याच्याबद्दल सांगायचं धाडस करतोय.

महबूबच्या वडिलांकडं नवरदेवाला बसवायचा घोडा होता. पांढरा, देखणा, पण भित्रा. ढोल जवळ आला की बिथरायचा. महबूब लहानपणी त्याचा लगाम धरून वरातीत चालायचा आणि त्याच्या लक्षात आलं, की घोडा सॅक्सोफोनवाल्याच्या मागं राहिला तर शांत असतो. त्या काळी आमच्याकडं सॅक्सोफोन वाजवायचे ते गुरप्पा मास्तर, पोलीस बँडातून निवृत्त झालेले. हा पोरगा रोज आपल्या पाठीला चिकटून का चालतो, असं त्यांनी एकदा विचारलं. महबूब म्हणाला, घोड्यासाठी. गुरप्पा मास्तर हसले आणि म्हणाले, घोड्याला कळतंय तर तुलाही कळंल.

शिकवणी कंबर तलावाच्या काठी चालायची, कारण विजापूर वेशीतल्या महबूबच्या अरुंद गल्लीत शेजाऱ्यांनी ती चालू दिली नसती. कित्येक महिने मास्तरांनी त्याला एकच सूर धरायला लावला. ओठाचे दोन्ही कोपरे घट्ट, गाल आत, सगळा वारा एका भोकातून. गाणी नंतर. तो घोडा गेला, वडील गेले, तोवर महबूब गुरुबसप्पांच्या बँडात उभा राहिला होता.

गुरुबसप्पा आमचे मालक आणि बँडमास्तरही. बाळीवेशीत घर, नवी पेठेच्या मागच्या बोळात बँडचं दुकान. स्वतः ट्रंपेट वाजवायचे. आम्ही सगळे त्यांना अप्पा म्हणायचो. पाठवणीला सगळ्या बँडानं वाजवायचं नाही, हा त्यांचा नियम. नवरी आईच्या गळ्यात पडली, की अप्पा हात वर करून सगळ्यांना थांबवायचे आणि महबूबकडं बघायचे. मग तो एकटाच वाजवायचा. तो जे वाजवायचा ते कुठल्या सिनेमातलं नव्हतं. संथ, खालच्या सुरातून वर चढणारं, मधेच थांबून पुन्हा सुरू होणारं. त्याला नावही नव्हतं. गाडीचा ड्रायव्हर चालू केलेलं इंजिन बंद करून ऐकायचा, एवढं मी बघितलंय.

आमच्या लिंगायत लोकांत म्हाताऱ्या माणसाची अंत्ययात्राही वाजत-गाजत निघते. माणसाला फुलांनी सजवलेल्या खुर्चीत बसवतात, पुढं भजन आणि बँड. तिथंही महबूबचाच सॅक्सोफोन. अशाच एका यात्रेवरून परत येताना अप्पा दुकानात सगळ्यांदेखत म्हणाले, "माझ्या येळंला महबूबनंच वाजवायचं. डॉल्बी नको आन् दुसरा कुणी नको. विरेश, ऐकलंस न्हवं?" विरेश त्यांचा मुलगा, आता दुकान तोच बघतो. त्यानं मान हलवली. महबूब म्हणाला, "तुमच्या येळंपर्यंत मीच ऱ्हात न्हाय अप्पा." सगळे हसले आणि विषय तिथंच राहिला.

मागच्या मार्गशीर्षात एका सकाळी मला खातूनबीचा, महबूबच्या बायकोचा, फोन आला. "भाईजान, इनका मुँह तिरपा हो गया की. जल्दी आओ."

मी गेलो तेव्हा महबूब पलंगावर बसला होता आणि सदऱ्यावर चहा सांडलेला होता. चेहऱ्याची उजवी बाजू खाली ओघळली होती. डोळा मिटत नव्हता. तो मला काही सांगायला गेला आणि शब्द उजव्या कोपऱ्यातून वाऱ्यासारखे निसटले. मला वाटलं, पक्षाघात. त्यालाही तेच वाटलं असणार, कारण तो सारखा उजव्या हाताची बोटं उघडमीट करून बघत होता. ती हलत होती.

त्याची मुलगी फिरदोस उर्दू शाळेत शिकवते. ती शाळेतून परस्पर दवाखान्यात आली. डॉक्टरांनी हात-पाय तपासले, कपाळाला आठ्या घालायला लावल्या आणि म्हणाले, "पक्षाघात नाही. चेहऱ्याची नस सुजली आहे. बहुतेकांचं हे बरं होतं. पण तुमचं वय आहे, साखर आहे. वेळ लागेल."

"किती?" फिरदोसनं विचारलं.

"नक्की सांगता येत नाही. काहींचं थोडं राहूनही जातं."

महबूबनं विचारलं, "फुंकता येईल का?" 'फुं' त्याला म्हणता येईना. डॉक्टरांना कळलं नाही. फिरदोसनं सांगितलं, "अब्बा सॅक्सोफोन वाजवतात." डॉक्टर म्हणाले, "आत्ता नको. पुढं बघू."

त्यानंतरचे दिवस वाईट गेले. झोपताना उजव्या डोळ्यावर पट्टी लावावी लागायची, नाहीतर तो उघडाच राहायचा. जेवताना घास गालात अडकायचा. तो आरशासमोर तासन् तास बसून तोंड हलवायचा प्रयत्न करायचा, म्हणून खातूनबीनं आरशावर टॉवेल टाकला. मग तो स्टीलच्या ताटात बघायला लागला. ओठ मिटून म्हणायची अक्षरं जमत नव्हती. स्वतःचं नावही नीट येईना, 'महवूव' असं काहीतरी यायचं. ओळखीच्या एका माणसानं फोन केला आणि राँग नंबर समजून ठेवून दिला. त्यानंतर महबूब फोन उचलेनासा झाला.

फोनची भीती दुसऱ्याही कारणानं होती. त्याच दिवसांत अप्पांच्या फुप्फुसांनी दम सोडला होता. दवाखान्यानं त्यांना घरी पाठवलं, सोबत ऑक्सिजनचं यंत्र. आता किती दिवस, हे कुणी बोलत नव्हतं. विरेशनं मला बजावलं होतं, "काका, चाचांच्या तोंडाचं अप्पांना कळू देऊ नका. ते लई मनाला लावून घेतील." अप्पा महबूबची चौकशी करायचे. विरेश सांगायचा, श्रीपूरला कारखान्याच्या साहेबांकडं लग्न आहे, तिकडं गेलेत. पुढच्या वेळी दुसरं गाव.

मी रोज दुपारी महबूबकडं जायचो. फोन वाजला की तो आधी माझ्या तोंडाकडं बघायचा. फोन शाळेतून असो, गॅसवाल्याचा असो, त्याचा चेहरा तेवढ्यापुरता पांढरा पडायचा. एका दुपारी तो तोंडाला रुमाल लावून हळूहळू, एकेक शब्द जुळवत म्हणाला, "ईश्वरप्पा, मी रोज दुवा करतो, अप्पांना जगू दे म्हणून. पण ती अप्पांसाठी हाय का माझ्या तोंडासाठी, ते मलाच कळंना झालंय."

मी म्हणालो, "येळ आलीच तर मी वाजवीन. क्लॅरोनेटवर बसवता येतंय ते."

"तू वाजवशील की. पण सांगितलंय त्यांनी मला."

मग तो म्हणाला, "आमच्यात जनाज्याला वाजवत न्हाईत. माझ्या येळंला तुला ही काळजी न्हाय."

मी खातूनबीला पाणी मागितलं.

विरेशचंही चुकत नव्हतं. त्यानं बार्शीचा एक सॅक्सोफोनवाला ठरवून ठेवला आणि महबूबला सांगायला स्वतः आला. "चाचा, तुम्ही बरे झालात तर तुम्हीच. पण मला तयारी ठेवावी लागंल." महबूबनं मान डोलावली. विरेश गेल्यावर त्यानं पेटी उघडली, पट्टा गळ्यात घातला आणि माउथपीस तोंडात धरून फुंकलं. फस्स असा आवाज आला आणि उजव्या कोपऱ्यातून लाळ गळली. स्वयंपाकघरातला भांड्यांचा आवाज थांबला. त्यानं पुन्हा फुंकलं, पुन्हा तेच. त्यानं कापडानं सगळं पुसून सॅक्सोफोन पेटीत ठेवला आणि पेटी पलंगाखाली सरकवली. पुढं बरेच दिवस ती तिथंच होती.

अप्पांपर्यंत शेवटी बातमी पोचली ती नवी पेठेतून. खातूनबी औषधं घेऊन निघाली होती, तिथं तिला शिवबाई भेटल्या, अप्पांच्या पत्नी. शिवबाईंनी सहज विचारलं, महबूब श्रीपूरहून आला का? खातूनबीला काही ठाऊक नव्हतं. ती म्हणाली, "कहाँ का श्रीपूर, अक्का? घर में है, मुँह तिरपा होके." दोघी भर बाजारात कडेला उभ्या राहून रडल्या म्हणे.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी महबूबकडं असताना विरेशचा फोन आला. फिरदोसनं उचलला. तिनं ऐकलं आणि म्हणाली, "अब्बा, अप्पांच्या घरी बोलावलंय. सॅक्सोफोन घेऊन."

महबूब उभा होता तो खाली बसला. दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले आणि जमिनीकडं बघत राहिला. मी फिरदोसच्या हातातून फोन घेतला. विरेश म्हणाला, "काका, तसं काही न्हाय. अप्पा स्वतःच बोलावतायत. रागात हायत."

आम्ही रिक्षानं गेलो. पेटी मी मांडीवर घेतली होती.

अप्पा उशांना टेकून बसले होते. नाकात नळी, पलंगाशेजारी यंत्र एका सुरात घुमत होतं. माणूस निम्मा झाला होता. महबूबला बघून त्यांनी हातानं समोरची खुर्ची दाखवली. "बा, कुंद्रु," ते कानडीत म्हणाले, ये, बस. महबूब बसला, तोंडावरचा रुमाल तसाच.

"रुमाल काढ."

त्यानं काढला. अप्पांनी त्याच्या चेहऱ्याकडं बराच वेळ बघितलं. मग विरेशकडं बघितलं. विरेश खाली बघत होता.

"मेल्यावर मला काय ऐकू येणार?" अप्पा म्हणाले. दर दोन शब्दांनंतर त्यांना थांबावं लागत होतं. "आत्ता वाजव."

"निघत न्हाय, अप्पा."

"काय निघत न्हाय, ते तर ऐकू दे. ऊदु." कानडीत ऊदु म्हणजे फुंक. तालमीत नवीन पोरांना ते असंच सांगायचे.

महबूबनं फुंकलं. नुसता वारा. शिवबाईंनी पदर तोंडाला लावला. अप्पांनी डोळे मिटले होते, तालमीत मिटायचे तसे. "पुन्हा," म्हणाले. पुन्हा वारा. मग म्हणाले, "उजवीकडनं गळतंय. उजवा हात गालावर दाब. तोंड डावीकडं घे."

"मग बोटं, अप्पा?"

"डावा हात हाय की. मी जन्मभर तीन बोटांवर ट्रंपेट वाजवलं. तुला एका हातात त्यापेक्षा जास्त हायत."

सॅक्सोफोनचं वजन पट्ट्यावर सोडून महबूबनं उजवा तळवा गालावर दाबला आणि माउथपीस डाव्या कोपऱ्याकडं सरकवलं. या खेपेला आवाज आला. फाटका, थरथरणारा, पण सूर होता. तो लगेच तुटला. महबूबनं घाबरून आमच्याकडं बघितलं, जणू तो आवाज दुसऱ्याच कुणाचा असावा.

"उद्या ये," अप्पा म्हणाले आणि दमून मागं टेकले.

दुसऱ्या दिवशी फिरदोस मधे पडली. "अब्बा, डॉक्टर नको म्हणालेत. नस कायमची गेली म्हणजे?" ती त्याला पुन्हा डॉक्टरांकडं घेऊन गेली. डॉक्टर म्हणाले, थोडा वेळ चालेल, दुखलं की थांबायचं. तेव्हापासून रोज दुपारी आम्ही बाळीवेशीत जायला लागलो. जुन्या चालीतून ज्या जागांना उजवा हात लागतो त्या अप्पा एकेक करून काढायला लावत होते. खालचे सूर गेले. उरलं ते डाव्या हाताच्या बोटांवर बसणारं. चाल आखडली, तिला मधेमधे भोकं पडली. अप्पा म्हणायचे, "भोकं असू देत. तिथं श्वास घे. ईश्वरप्पा, तू खाली एक सूर धरून ऱ्हा." कधी कधी ते सूर किती वेळ टिकतो ते बोटांवर मोजायला बसायचे आणि महबूबच्या आधी त्यांचाच दम संपायचा.

महबूबचा डोळा हळूहळू मिटायला लागला. गालात जरा हालचाल आली. घरी खातूनबीनं आरशावरचा टॉवेल काढला. पण अप्पांचं उलट चाललं होतं. आधी उशांना टेकून बसायचे, मग पडूनच ऐकायला लागले. बोलणं कमी झालं, यंत्राचा काटा वाढवावा लागला.

एका दुपारी महबूब निघायला तयार होईना. चप्पल घालून दारातच उभा. "मी येत न्हाय. माझं तोंड सुधारतंय तसतसं त्यांचं खालावतंय. मी तिथं बसून त्यांचाच श्वास घेतोय असं वाटतंय मला."

"काहीतरी बोलू नको," मी म्हणालो. तो आत जाऊन पडून राहिला. मी एकटाच गेलो. अप्पांनी डोळ्यांनीच विचारलं, कुठाय? मला खोटं सांगता आलं नाही. अप्पा खोकले, बराच वेळ. मग म्हणाले, "त्याला सांग, बिड्या मी ओढल्या. त्यानं न्हाय."

मी तसाच निरोप दिला. महबूब ऐकून घेतल्यावर भिंतीकडं तोंड करून झोपला. दुसऱ्या दिवशी माझ्या आधी तो बाळीवेशीत पोचला होता.

संक्रांतीतली गड्ड्याची जत्रा भरली होती तेव्हा, सकाळच्या प्रहरी अप्पा गेले. महबूबचा गाल अजून पुरता आला नव्हता. मला वाटलं होतं, तो कोसळेल. पण तो दुपारी गणवेश घालून आला. फिरदोसनं त्याच्या उजव्या गालावर, ओठाचा कोपरा वर ओढून धरील अशी चिकटपट्टी लावली होती. बार्शीचा सॅक्सोफोनवालाही आला होता, तो समजूतदार माणूस मागच्या रांगेत उभा राहिला.

अप्पांना फुलांच्या खुर्चीत बसवून ट्रॉलीवर ठेवलं होतं. भजन थांबलं. विरेशनं महबूबकडं बघितलं. महबूबनं गालावर हात दाबला आणि फुंकलं. नुसता वारा आला.

मी क्लॅरोनेट अर्ध्यापर्यंत उचललं होतं. घ्यावं की घेऊ नये, कळेना. कुणीतरी मोबाईल वर धरला होता. विरेश आता माझ्याकडं बघत होता. महबूबनं डोळे मिटले, माउथपीस जरा डावीकडं सरकवलं, पट्टीवरून गाल पुन्हा दाबला. त्याच्या मानेवरची शीर फुगलेली मला दिसत होती. आणि सूर आला. फाटका होता, पण तुटला नाही. मी खालचा सूर धरला. तो दोन ओळी वाजवायचा, थांबायचा, श्वास घ्यायचा. मी धरून राहायचो. प्रत्येक थांब्याला मला वाटायचं, आता पुढं यायचं नाही. यायचं.

मोठ्या रस्त्याच्या वळणापर्यंत तो वाजवू शकला. तिथं त्याचा ओठ थरथरायला लागला आणि लाळ पट्टीखालून गळू लागली. त्यानं बाजूला होऊन बार्शीवाल्याला हातानं खूण केली. उरलेली वाट तो रुद्रभूमीपर्यंत गळ्यात सॅक्सोफोन घेऊन, गालावर हात तसाच ठेवून चालला. हात खाली घ्यायचं त्याच्या लक्षातच नव्हतं.

संध्याकाळी आम्ही अप्पांच्या घरी परतलो तेव्हा शिवबाई ओट्यावर बसल्या होत्या. महबूब त्यांच्यासमोर उभा राहिला. जेवढं ठरलं होतं तेवढं झालं नाही, असं काहीसं तो पुटपुटला. शिवबाई म्हणाल्या, "मशीन बंद केलं. घर लई गप झालंय. उद्यापासून दुपारी येत जा तसंच." तो जात राहिला, अप्पांचे दिवस होईपर्यंत.

गाल बराचसा परत आला, पूर्ण नाही. हसताना तोंड डावीकडंच जातं. आणि एक नवीनच झालंय, जेवायला बसला की उजव्या डोळ्यातून पाणी येतं. डॉक्टर म्हणतात, नस जुळताना कधी कधी असं होतं. लग्नाच्या पंगतीत लोकांना वाटतं, हा माणूस जिलबी खाताना रडतोय. एका वधूपित्यानं त्याला जवळ घेऊन समजूत घातली. महबूबनं ती घालू दिली.

या वैशाखात आम्ही बार्शीला गेलो होतो. विरेशनं पाठवणीला अप्पांसारखाच हात वर केला आणि बँड थांबला. महबूब आता दोन्ही हातांनी वाजवतो, पण चाल तीच वाजवतो, आखडलेली, भोकांची. जुनी पुन्हा लावून बघ, असं मी सांगितलं होतं. नको म्हणाला, तिच्यात आता थांबायला जागा सापडत नाही.

नवरी आईला सोडत नव्हती. महबूब पहिल्या ओळीनंतर थांबला, आणि त्याच्या उजव्या गालाखालची कातडी जराशी उडताना मला दिसली. त्याला ती जाणवली की नाही, कोण जाणे. मी क्लॅरोनेट ओठाला लावून तयार उभा राहिलो. त्यानं श्वास घेतला आणि पुढची ओळ सुरू केली. नवरीची गाडी मांडवाबाहेर निघून जाईपर्यंत मी क्लॅरोनेट खाली घेतलं नाही.